वच्छलाबाईकडची मशीन

"येत्या शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघू आणि रविवारी परभणी बघून परत येऊ," याकूब म्हणाला, आणि चंद्रभानचा हात ताटातच थांबला.

हैदराबादेत, जुन्या शहरातल्या एका अरुंद गल्लीत, याकूबच्या घरी तिघं मित्र जेवायला बसले होते. याकूब, चंद्रभान आणि वरंगलकडचा नरसय्या. तिघं एकाच कॉलेजात होते. चंद्रभान आणि नरसय्या वसतिगृहात राहायचे, आणि दर रविवारी याकूबची आई सकीनाबी त्यांना जेवायला बोलवायची. ती मूळची परभणीचीच. चंद्रभानशी ती हटकून मराठीत बोले, म्हणजे जीभ विसरायला नको. चंद्रभान तिच्या घरी जेवतो हे त्याच्या घरी कुणालाच ठाऊक नव्हतं. सांगण्यासारखी गोष्टही नव्हती. पोखर्णीजवळच्या त्याच्या खेड्यातून हैदराबादला शिकायला गेलेला तो पहिलाच. गावाच्या लेखी तो परदेशीच गेला होता. तिथली बोली वेगळी, पाट्यांवरची अक्षरं वेगळी, भात वेगळा. निघताना आई म्हणाली होती, "परमुलखात जपून राह्य."

"मी पण येणार," नरसय्या म्हणाला. "मला काय, शहर बघायला मिळालं म्हणजे झालं."

"शहर नंतर," याकूब म्हणाला. "आधी अम्मीची मशीन शोधायची."

मशीनची गोष्ट नरसय्याला नवी होती, म्हणून सकीनाबीनं ती पुन्हा सांगितली. याकूबचे वडील परभणीच्या अदालतीत कारकून होते. चार वर्षांपूर्वी, निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत, एका सकाळी त्यांना अंगावरच्या कपड्यांनिशी गाव सोडावं लागलं. घरात धुण्या-दळण्याला येणारी एक बाई होती, वच्छलाबाई. सकीनाबीनं आपली शिलाईची हातमशीन तिच्या हवाली केली आणि सांगितलं, पंधरा दिवसांत येते. पंधरा दिवसांचे महिने झाले. याकूबचे वडील हैदराबादेतच वारले. आता ती एका शिंप्याची काजं-बटणं सुईनं करून देत होती, आणि तिला दिव्याजवळ बसल्याशिवाय दोरा ओवता येत नव्हता.

"मशीन लगेच ओळखू येईल," ती म्हणाली. "चाकाची मूठ तुटली होती. यांनी लाटणं कापून तिथं बसवलं होतं."

चंद्रभाननं खाली बघत भात कालवला. ही गोष्ट त्यानं गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात, या घरी पहिल्यांदा जेवायला आला त्याच दिवशी ऐकली होती. लाटण्याच्या मुठीची मशीन त्यानं पाहिलेली होती. वच्छलाबाई त्याची सख्खी आत्या होती. त्याच्या अंगातला सदरासुद्धा त्या मशीनवर शिवलेला होता.

त्या दिवशी तो बोलला नाही. आधी वाटलं, खात्री करून मग सांगू. मग खात्री झाली तेव्हा वाटलं, पहिल्याच दिवशी का नाही बोललास असं याकूब विचारेल. आत्या विधवा. दुसऱ्यांच्या घरची जाती ओढून तिच्या हातांना घट्टे पडले होते. मशीन आल्यापासून ती चोळ्या-परकर शिवत होती, तिची पोरगी, दैवशाला, तीही शिवायला शिकली होती. मशीन गेली तर दोघी पुन्हा जात्यावर. शिवाय बाप, माणिकराव, गावभर सांगत फिरत होता की बहिणीला मशीन आपण हर्राजात, म्हणजे लिलावात, घेऊन दिली. असं एकेक कारण साठत गेलं आणि दीड वर्ष निघून गेलं.

आणखी एक गोष्ट होती, आणि तीच सगळ्यात वाईट होती. गेल्या दिवाळीत आत्यानं त्याला जवळ बसवून विचारलं होतं, "चंद्या, तू हैदराबादेत असतूस. अदालतीतल्या साहेबाचं घर कुठं हाय, जरा इचार की. मशीन पोचती करायची हाय." तो म्हणाला होता, "एवढ्या मोठ्या शहरात कुठं शोधू, आत्या?"

शनिवारी रात्री गाडीत त्याला झोप आली नाही. बाकावर बसला, उठून दारापाशी गेला, परत आला. नरसय्या तोंडावर रुमाल टाकून घोरत होता. याकूब जागाच होता. पहाटे पूर्णेला गाडी बराच वेळ थांबली. तिघं फलाटावर उतरले, मातीच्या कुल्हडातला चहा प्यायले. थंडी होती.

"तुझं गाव किती लांब?" याकूबनं विचारलं.

"परभणीहून सहा कोस."

"मग घरी जाऊन ये की. आम्ही दोघं फिरतो."

"नको," चंद्रभान म्हणाला. त्याचं त्यालाच कळलं नाही, नको का म्हणालो. यांना एकटं सोडलं तर तासाभरात ते आत्याच्या दारात उभे राहतील, ही धास्ती होती. बरोबर राहिलं तर निदान काही हातात राहील, असं वाटत होतं.

परभणी स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. याकूब टांग्यात बसला नाही. त्याला चालतच जायचं होतं. तो भराभर चालत होता आणि वाटेतलं एकेक नरसय्याला सांगत होता. इथं आमची शाळा, इथं पतंगवाला, इथं अब्बांची सायकल पंक्चर झाली होती. काही दुकानांवर नव्या पाट्या होत्या. तिथं तो गप्प होऊन पुढं जाई.

याकूबच्या जुन्या घराच्या दारात एक बाई ज्वारी पाखडत होती. कमलबाई तिचं नाव. नंतर त्यांना कळलं की तिचा नवरा जकातीवर कामाला होता. याकूबनं तिला वच्छलाबाईविषयी विचारलं.

"शिवणकाम करती ती? माझी एक चोळी हाय तिच्याकडं," कमलबाई म्हणाली. "आधी ह्याच गल्लीत ऱ्हायची. आता कापसाच्या जिनाकडं कुठंतरी गेली म्हन्तेत. घर काय मी पाह्यलं न्हाई, तिची पोरगी येऊन नेती कापड." मग तिनं याकूबकडं निरखून पाहिलं. "तुमी कोन?"

"असाच. पाणी मिळेल?"

तिनं तांब्या आणून दिला. याकूब उभ्यानंच पाणी प्याला, त्यानं दारातून आत एकदा नजर टाकली आणि तांब्या परत केला. आपण इथं जन्मलो हे त्यानं तिला सांगितलं नाही.

"जिनाकडं," गल्लीच्या टोकाला येऊन तो म्हणाला. "कोणतं जिन? इथं दोन-तीन आहेत. चंद्या, तुला ठाऊक असेल."

"रेल्वेच्या पलीकडचं असेल," चंद्रभान म्हणाला.

ते चुकीचं जिन होतं. चुकीचं आहे हे माहीत असूनच त्यानं सांगितलं होतं. पलीकडं गेल्यावर तिथल्या हमालांना विचारलं, एका म्हाताऱ्याला विचारलं, दोन वस्त्या पायाखाली घातल्या. वच्छलाबाई नावाच्या दोन बाया निघाल्या, एक वारलेली आणि एक तान्ह्या लेकराची आई. ऊन चढलं. नरसय्यानं हातगाडीवरची भजी घेतली आणि सगळ्यांना वाटली. चंद्रभाननं आपली भजी नरसय्यालाच परत दिली. प्रत्येक वळणावर त्याला कुणी ओळखीचं भेटेल असं वाटे. गावचा सटवाजी खरंच एकदा समोरून आला, तेव्हा तो एका दुकानात शिरला आणि बराच वेळ दोरखंडाची चौकशी करत राहिला.

"तुझं काय चाललंय?" बाहेर आल्यावर नरसय्यानं विचारलं. "सकाळपासून तुझा पाय एका जागी ठरत नाही."

"झोप झाली नाही."

दुपारी ते बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात बसले. याकूबनं बूट काढून पाय चोळले.

"पुरे झालं," तो म्हणाला. "चार वर्षं झाली. आता आणखी जिनं धुंडायची माझ्यात ताकद नाही. कोण कुणाची मशीन ठेवतंय. ती शिवत असेल दुसऱ्या मशीनवर; आपली विकली असेल, नाहीतर कुणी हिसकून घेतली असेल. गाडीला अजून वेळ आहे. नरसय्याला शहर तरी दाखवू."

चंद्रभानला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. चहा आला. याकूब बशीत चहा ओतत म्हणाला, "अम्मीला सांगू, वच्छलाबाई वारली. म्हणजे ती तरी वाट बघायची थांबेल. नाहीतर दर महिन्याला तेच. तुम्ही दोघं पण तसंच सांगा."

नरसय्यानं मान डोलावली.

चंद्रभान म्हणाला, "ती वारली नाही."

दोघांनी त्याच्याकडं पाहिलं.

"ती माझी आत्या आहे. मशीन तिच्याकडंच आहे. भाजीबाजाराच्या मागचं जिन, तिथं राहते."

हॉटेलात गडबड होती. शेजारच्या बाकड्यावर दोन शेतकरी बैलाच्या खुरावर बोलत होते. याकूबनं बशी खाली ठेवली. त्यानं विचारलं नाही, कधीपासून ठाऊक आहे. बूट घातले, नाड्या बांधल्या आणि उठला.

"चल," तो म्हणाला.

आत्याचं घर म्हणजे जिनाच्या भिंतीला टेकून घातलेल्या पत्र्याच्या दोन खोल्या. वाटेवरूनच मशीनचा आवाज ऐकू येत होता. दाराशी दैवशाला बसली होती, चौदा वर्षांची. उजव्या हातानं चाक फिरवत होती आणि डाव्या हातानं चोळीचं कापड पुढं सरकवत होती. मामेभाऊ दिसताच ती हसली, मग मागचे दोघं बघून तिनं पदर सावरला आणि आईला हाक मारली.

वच्छलाबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. तिनं चंद्रभानकडं पाहिलंच नाही. सरळ याकूबपुढं येऊन उभी राहिली.

"याकूब हायेस ना तू?"

"हो, मावशी."

"लय उंच झालास." तिनं पिठाचा हात त्याच्या खांद्यापर्यंत नेला आणि पीठ लागेल म्हणून मागं घेतला. "सकीनाआपा कशी हाय?"

"बरी आहे."

"अन् सायेब?"

याकूबनं नाही अशी मान हलवली. वच्छलाबाई तिथंच उंबऱ्यावर बसली.

"मला कसं कळावं," ती म्हणाली. "चार साल झाले, मी वाट बघायले. कुनाच्या हाती निरोप धाडावा तर पत्ता न्हाई. ह्याला म्हणलं होतं मी." आता तिनं चंद्रभानकडं बोट केलं. "दिवाळीला म्हणलं. तू तिथंच असतूस, इचार जरा. तर म्हनला, एवढ्या मोठ्या शहरात कुठं शोधू." मग तिच्या काहीतरी लक्षात आलं. एकदा याकूबकडं, एकदा भाच्याकडं पाहून तिनं विचारलं, "तुमी दोघं कवापासून वळखता?"

"एका वर्गात आहोत," याकूब म्हणाला. "दर रविवारी हा आमच्याकडं जेवायला असतो."

दैवशालाचा चाकावरचा हात थांबला. नरसय्या दाराबाहेर जाऊन उभा राहिला. मराठी त्याला अर्धीच कळत होती, पण जेवढी कळली तेवढी पुरे होती.

चंद्रभान बोलायला गेला. "आत्या, मला वाटलं, मशीन गेली तर तुझं..."

"माझं मी बघितलं असतं," वच्छलाबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुझा बाप सांगत फिरतो, हर्राजात घेतली म्हनून. त्याला हजारदा म्हणलं, अमानत हाय ती. तो गडी अडानी, त्याचं काय. तुला तर शिकाया धाडलंय."

ती उठली. हात धुतले आणि पोरीला म्हणाली, "टीप पुरी कर. मग मशीन पूस, तेल घाल."

"आई, कमलबाईची चोळी उद्याला द्यायची हाय. अजून बाह्या राहिल्यात."

"हातानं लाव."

"मावशी, राहू द्या," याकूब म्हणाला. त्याचा चेहरा गोंधळलेला होता. इतके दिवस तो मशीन आणायची म्हणत होता आणि आता ती समोर होती तर त्याला तिकडं बघवत नव्हतं. "तुमचं पोट आहे तिच्यावर. मी अम्मीला समजावतो. तुम्ही ठेवा."

"तू कोन ठेवा म्हननारा? तुझ्या आईनं माझ्या हाती दिली. ती काय करती तिथं?"

याकूबला खोटं बोलता आलं नाही. "काजं-बटणं करते. सुईनं. डोळे अधू झालेत तिचे."

"मग," वच्छलाबाई म्हणाली आणि चुलीकडं वळली.

टीप पुरी व्हायला वेळ लागला. दैवशाला मुद्दाम सावकाश फिरवत होती की काय, कोण जाणे. वच्छलाबाईनं तिघांपुढं भाकरी, वांग्याची भाजी आणि तिखट वाढलं. याकूब मुकाट्यानं जेवला. नरसय्यानं ज्वारीची भाकरी पहिल्यांदाच खाल्ली. चंद्रभाननं भाकरीचे तुकडे केले आणि ताटात ठेवले. दैवशालानं दोरा तोडला, सुई काढून मशीनच्या खणात ठेवली, सगळी मशीन फडक्यानं पुसली, चाकाच्या कडा नखानं खरडून काढल्या. मग याकूबला विचारलं, "तिथं तेल कोन घालतंय? दर आठ दिसाला घालाया लागतं, न्हाईतर आवळती."

"मी घालेन," याकूब म्हणाला.

मशीन एका गोधडीत गुंडाळली. याकूब आणि नरसय्यानं ती दोन्हीकडून उचलली. चंद्रभान पुढं झाला तर याकूब म्हणाला, "आम्हाला जमतंय." स्टेशनापर्यंत दोघं तशीच घेऊन गेले, मध्ये तीनदा टेकवली. चंद्रभान मोकळ्या हातांनी मागून चालत होता. वाटेत कापसाच्या गाड्यांना जागा द्यायला तिघं बाजूला होत, पुन्हा चालू लागत.

गाडी आली. मशीन आत चढवली. चंद्रभान पायरीवर पाय ठेवणार तेव्हा याकूब दारात उभा होता.

"तू उद्याच्या गाडीनं ये," तो म्हणाला.

"उद्या प्रॅक्टिकल आहे."

"ठाऊक आहे."

नरसय्या खिडकीतून दुसरीकडं बघत होता. गाडी हलली. चंद्रभान फलाटावर राहिला. मग तो फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालला, परत आला, पुन्हा गेला. आत्याकडं जायची हिंमत नव्हती. शेवटी बाजाराहून परतणाऱ्या एका गाडीवानानं त्याला पोखर्णीपर्यंत नेलं आणि तिथून तो शेतांमधून चालत रात्री उशिरा घरी पोचला.

बाप गोठ्यात होता. चंद्रभाननं त्याला तिथंच सगळं सांगितलं, गव्हाणीला टेकून, एका दमात. सकीनाबीच्या घरी जेवत होतो हेही सांगितलं. माणिकराव बैलाच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत राहिला.

"मशीन नेली?"

"नेली."

"तुला शिकाया धाडलं का पंचायत कराया?"

"दादा, हर्राजात घेतली न्हवती. घेतली असं तरी आता कुणाला सांगू नका."

बाप वैरण टाकू लागला. चार दिवसांनी तो ज्वारीचं एक पोतं घेऊन बहिणीकडं गेला, असं पुढं आईच्या पत्रातून कळलं. वच्छलाबाईनं पोतं ठेवून घेतलं. भाऊ म्हणून चहाही केला. पण मग जात्यावर बसली ती तो जाईपर्यंत उठली नाही.

हैदराबादेत याकूब वर्गात दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. भांडला नाही. वही मागितली तर द्यायचा. पहिल्या रविवारी चंद्रभान वसतिगृहातच राहिला. दुसऱ्या रविवारी चारमिनारपर्यंत गेला आणि परत आला. तिसऱ्या रविवारी त्या गल्लीत शिरला, घरावरून पुढं गेला, मशिदीपाशी वळला, पुन्हा घरावरून गेला. चौथ्यांदा जाताना सकीनाबीनं पडदा बाजूला केला.

"किती फेऱ्या मारशील?" ती म्हणाली. "आत ये."

याकूब घरी नव्हता. खिडकीजवळ मशीन होती, तिच्याखाली पांढऱ्या कापडाचा ढीग. चंद्रभान दाराशीच उभा राहिला.

"तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

"हो."

"मी मूठ सांगितली तेव्हा?"

"तेव्हाच कळलं."

सकीनाबीनं कापडाचा ढीग उचलला, घडी घातली, पुन्हा ठेवला. "तू खात होतास आणि मी वाढत होते," ती म्हणाली. "एवढंच मला लागलं. बाकी काही नाही. तुझ्या आत्याच्या जागी मी असते तर माझा याकूबही कदाचित गप्प बसला असता. कोण सांगणार."

त्यानं माफी मागितली. शब्द नीट जुळले नाहीत. तिनं ते हातानंच थांबवले.

"ती पोरगी कशी शिवते? मशीनमध्ये तिची एक चिंधी अडकून आली होती. टीप सरळ आहे."

"चांगली शिवते. आता हातानं शिवते."

"हातानं किती दिवस शिवेल." ती मशीनपाशी बसली. "उन्हाळ्याच्या सुट्टीत घेऊन ये तिला. इथं शिंप्याकडं काम बेसुमार आहे, आणि माझ्यानं एकटीनं उरकत नाही. महिनाभर राहील, कापायलाही शिकेल. वच्छलाला विचार आधी. तिला स्वतः जाऊन विचार, पत्रानं नाही."

तो स्वतः गेला. वच्छलाबाईनं त्याला उभ्यानंच ऐकून घेतलं, दोन दिवस विचार केला आणि मग स्वतःच पोरीला घेऊन येते म्हणाली. मे महिन्यात दोघी त्याच्याबरोबर हैदराबादला आल्या. जन्मात पहिल्यांदाच त्या परभणीच्या पलीकडं गेल्या होत्या, आणि पूर्णेपासून दोघींनी खिडकी सोडली नाही. सकीनाबी आणि वच्छलाबाई दारात एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. पोरं तिथून बाजूला झाली. आठ दिवसांनी वच्छलाबाई परत गेली. दैवशाला महिन्याऐवजी पाऊस पडेपर्यंत राहिली आणि पुढल्या उन्हाळ्यातही आली.

याकूब आणि चंद्रभान एकाच वर्षी पास झाले. नरसय्या मध्ये असला की तिघं कधीकधी फिरायलाही जात. याकूब चंद्रभानशी बोलायचा, हसायचाही. पण परभणीच्या त्या रविवारनंतर त्यानं त्याला कधी चंद्या म्हटलं नाही. 'चंद्रभान' अशी पूर्ण नावानं हाक मारायचा, आणि चंद्रभाननंही त्याला कधी विचारलं नाही, का.